दहा पत्रावळी

१९४४ च्या नाताळच्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, माझे थोरले चुलते आमच्या ओसरीवरून न जेवता परत गेले. बरोबर चुलती आणि त्यांचे दोन मुलगे होते. घरात पुरणपोळीचा स्वयंपाक तयार होता.

आमचे गाव राहुरीपासून दोन कोसांवर. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. लग्नाआधीच त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता; थोरले भाऊ हिंदूच राहिले आणि शेती करत राहिले. दोन्ही घरांत भांडण नव्हते. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ यायचा, तो आम्ही खात असू. नाताळला आमच्याकडून शिधा जायचा. सुपात गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ आणि वर नारळ. आमच्या चुलीवर शिजलेले त्यांना चालत नव्हते. माझ्या जन्माआधीपासून हे असेच चालले होते.

त्या पावसाळ्यात चुलतीला हिवताप झाला. आई रोज त्यांच्या घरी जाऊन तिला पेज करून भरवत असे. चुलते ते पाहत असत. दिवाळीनंतर एकदा बांधावर ते वडिलांना म्हणाले, "औंदा शिधा धाडू नगं. आमीच येतो जेवायला."

आईने त्याच आठवड्यात तयारी धरली. लढाईमुळे कंट्रोलच्या दुकानात गहू मिळत नव्हते. ते तिने पुणतांब्याहून, माहेरून मागवले. मटण करायचे नाही असे ठरवले. चुलत्यांना मटण वर्ज्य नव्हते, पण पहिल्याच खेपेला गावाला बोलायला दोन गोष्टी कशाला द्यायच्या, असे तिचे म्हणणे होते. कुंभाराकडून नवी मडकी घेतली. पिण्याचे पाणी चुलत्यांच्याच विहिरीचे आणायचे ठरले. मी तेव्हा नगरला शिक्षिकेचे शिक्षण घेत होते. जायफळ आणि वेलदोडे घेऊन ये, असे पत्र मला आले. पत्रात दुसरा मजकूर नव्हता.

मी सुट्टीला पोचले तेव्हा वडील तिची थट्टा करत होते. "अगं, दादा येतोय. डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येत नाहीत."

"डेप्युटी परवडले," आई म्हणाली. "ते निदान चहा तरी घेतात."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिने सूप काढले आणि नेहमीसारखा शिधा भरला. वडिलांनी ते पाहिले.

"दादाने नको म्हणून सांगितलंय ना?"

"त्यांनी सांगितलंय. भावकीनं कुठं सांगितलंय? दारात येऊन मन फिरलं, तर सणाच्या दिवशी रिकाम्या हातानं जातील का?"

"मग दिसू देऊ नकोस."

तिने सूप माजघरात, कणगीच्या मागे ठेवले.

सकाळी वडील माझ्या तिघा धाकट्या भावंडांना घेऊन मिशनच्या देवळात उपासनेला गेले. आम्ही दोघी स्वयंपाकात होतो. दहा पत्रावळी मांडायला माजघर मोकळे करायचे होते. रिकामी कणगी भिंतीकडे सरकवायची म्हणून मी सूप उचलून ओसरीवर नेऊन ठेवले. ते कशासाठी भरले होते हे मला माहीत होते. हात रिकामा झाला की आत आणू, असे मनात होते. मी ते आणले नाही.

चुलते ठरल्यापेक्षा लवकर आले. वडील अजून परतले नव्हते. चुलत्यांनी वहाणा काढल्या, पायरी चढले आणि सुपाशी थांबले.

"तयारी झाली म्हनायची," ते म्हणाले.

चुलती मागून म्हणाली, "आवो, आत चला की. बाई कवाची राबतीया."

"आपला वाटा काढून ठिवलाय. घ्यायचा अन् निघायचं."

आई दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलण्याची आमच्याकडे रीत नव्हती. ती मला म्हणाली, "सांग ना गं त्यांना." मी म्हणाले, "काका, ते तसं नाही. पानं मांडलीत आत. सूप मी इथं ठेवलं."

"तू ठिवलंस, भरलं कुनी?" ते म्हणाले. मग दाराकडे न बघता, "तुज्या आईनं बराबर वळखलं मला, पोरी."

रागावल्यासारखे ते दिसत नव्हते. गल्लीत समोरच्या ओट्यावर भावकीतले तिघे बसले होते. चुलत्यांनी एकदा तिकडे पाहिले आणि सूप उचलले. मुलगे त्यांच्या मागे गेले. चुलती थोडा वेळ पायरीवर उभी राहिली, मग तीही गेली.

वडील पंधरा मिनिटांनी आले. आईने त्यांना एका वाक्यात सांगितले. आम्ही सहाजण जेवलो. उरलेल्या चार पत्रावळी आईने गोळा करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वडील भावाकडे जाऊन आले. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही.

पुढच्या वर्षी नाताळच्या महिनाभर आधी वडील भावाला जेवायला येणार का, असे विचारायला गेले. मी घरी होते. ते परत आल्यावर आईने विचारले, "काय म्हणाले?"

"पयल्यासारखंच धाड, म्हणाला."