चंद्रशेखर देवस्थळींचे ते दहा दिवस

चंद्रशेखर देवस्थळी मूळचे सांगलीचे. १९६६ साली अमेरिकेत आले आणि डेट्रॉइटजवळ, ट्रॉयमध्ये, मोटारींच्या ब्रेकवर काम करत स्थिरावले. घरातला नळ असो की मित्राची गाडी, स्वतः खोलून दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकुलती एक मुलगी दीपा. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण अकरा कॉलेजांतून नकार आला आणि पोरीनं अंथरूण धरलं. चंद्रशेखरांनीच मग कुठूनसं एक माहितीपत्रक आणलं. कॅरिबियनमधलं ग्रेनाडा नावाचं बेट, तिथे अमेरिकन मुलांसाठी मेडिकल कॉलेज.

त्यांच्या पत्नी वीणाताईंनी नकाशा पाहिला. "एवढासा ठिपका! उद्या काही झालं तर?"

"काय व्हायचंय? जायफळ पिकवणारी माणसं ती," चंद्रशेखर म्हणाले.

दीपा तिथे मिसेस चार्ल्स नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहू लागली. रविवारच्या फोनवर पंतप्रधान मॉरिस बिशपचं नाव हटकून निघायचं. लंडनहून शिकून आलेला वकील. वडील एका आंदोलनात गोळी लागून गेले. ७९ साली आधीचा पंतप्रधान परदेशात असताना यानं आणि साथीदारांनी बंदुकीच्या जोरावर सत्ता घेतली होती. निवडणुकीचं नाव नाही, पण बेटावर क्यूबाच्या मदतीनं विमानतळ उभा राहत होता.

"मिसेस चार्ल्स त्याला मॉरिसच म्हणतात, बाबा. लाइक ही इज हर नेफ्यू!"

"तू राजकारणात पडू नकोस. ॲनाटॉमीत पड."

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात बिशपचं साथीदारांशीच फाटलं. त्यांनी त्याला त्याच्याच घरात कोंडलं. बुधवारी हजारो लोकांनी जाऊन त्याला सोडवलं आणि किल्ल्यावर नेलं. साथीदारांनी पाठवलेले सैनिक आले, गर्दीवर गोळ्या झाडल्या, आणि त्याला काही सोबत्यांसह भिंतीपाशी उभं करून मारलं. साडेचार वर्षांचं राज्य एका दुपारी संपलं. लष्करानं कर्फ्यू लावला. चार दिवस, आणि जो बाहेर दिसेल त्याला गोळी.

चंद्रशेखरांनी हे ऑफिसातून परतताना गाडीतल्या रेडिओवर ऐकलं. घरी आले तर वीणाताई फोनपाशी बसलेल्या. दीपाचा नंबर लागत नव्हता. चंद्रशेखरांनी रिसीव्हर घेतला, पुन्हा पुन्हा नंबर फिरवला. बोटाला फोड आला तेव्हा पेन्सिलीनं डायल फिरवू लागले.

वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात फोन लागला. तिथली बाई फार गोड बोलली, पण तिलाही काही ठाऊक नव्हतं. नेपरव्हिलहून मित्र प्रतापनं विचारलं, "यार, काही करू का मी?"

"काय करशील?" चंद्रशेखर म्हणाले. चिडून नव्हे, खरंच उत्तर हवं होतं त्यांना.

वीणाताईंनी एकदाही 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या असत्या तर बरं, असं चंद्रशेखरांना वाटे.

सोमवारी तिथल्या विद्यार्थ्यांच्या काही पालकांनी राष्ट्राध्यक्षांना तार करायचं ठरवलं: घाईनं काही करू नका, मुलं तिथे आहेत. चंद्रशेखरांनी फोनवरून आपलं नाव दिलं, आडनावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही लावला तर अमेरिकन फौजा बेटावर उतरलेल्या. ते तसेच उभे राहिले, शर्टाची बटणं अर्धी लावून.

शुक्रवारी साउथ कॅरोलायनाहून फोन आला; मुलांना घेऊन लष्करी विमानं तिथेच उतरत होती. "आय ॲम ओके, बाबा."

डेट्रॉइटच्या विमानतळावर दीपाच्या अंगावर कुणाचंतरी जॅकेट होतं. घरी आल्यावर भात कालवत एकदम बोलायला लागली. मिसेस चार्ल्सची नात पॉलेट, सोळा वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच किल्ल्यावर गेली होती. गोळीबार सुरू झाल्यावर तटावरून खाली उडी मारली. दोघांनी उचलून घरी आणून टाकलं. मांडीचं हाड मोडलेलं, आणि लगेच कर्फ्यू लागला.

"चार दिवस, बाबा. शी वॉज स्क्रीमिंग. मी लाकडाची पट्टी बांधली. ॲस्पिरिन दिली. दार उघडता येत नव्हतं. मग आपले सोल्जर्स आले, म्हणाले अमेरिकन कोण? मी हात वर केला."

तिचा हात परत वर गेला आणि तिथेच राहिला. चंद्रशेखरांनी तो धरून खाली घेतला.

हिवाळ्यात कॉलेज पुन्हा उघडलं आणि दीपा निघाली. दोघांनी मनधरणी केली, रागावूनही पाहिलं. ती बॅग भरतच राहिली. शेवटी चंद्रशेखर दुकानात जाऊन कुबड्यांची एक जोडी घेऊन आले. पॉलेटची उंची दीपाला सांगता येईना, म्हणून अंदाजानंच आणली.

पहिल्या रविवारी फोन आला. हाड वाकडंच जुळलं होतं. कुबड्या फार उंच झाल्या, मिसेस चार्ल्सनी त्या करवतीनं कापल्या. मॉरिसला कुठे पुरलं ते अजून कुणीच सांगत नाही, असं त्या रोज म्हणतात.

"किती इंच कापल्या?" चंद्रशेखरांनी विचारलं.

"आय डोन्ट नो, बाबा."

त्यांनी बरं म्हटलं आणि फोन वीणाताईंकडे दिला.