मकराच्या शेपटीखालचा फुगवटा

दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत सोलापुरात पाण्यासाठी रांगा लागायच्या, आणि आमच्या सरांकडे मात्र जुन्या नाण्यांची आवक वाढली होती. दुष्काळी कामांवर माणसं तलाव खोदत. मातीत नाणं लागलं की ते सराफाकडे जाई, आणि ओळखीचा सराफ ते वितळवण्याआधी सरांना निरोप धाडी. सर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मी पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचो.

एका रविवारी त्यांनी माझ्या तळहातावर चांदीचं एक नाणं ठेवलं. तेर गावाच्या बाजूच्या एका बाईच्या गळ्यात ते होतं. कडेला कडी डाग देऊन बसवल्याची खूण होती. एका अंगाला माणसाचं डोकं. दुसऱ्या अंगाला पुढून बोकड आणि मागून मासा असा विचित्र प्राणी.

"हा मकर," सर म्हणाले. "रोमच्या बादशहाची रास. दोन हजार वर्षं झाली मास्तर याला."

माझीही रास मकर. मी ते नाणं किती वेळ हातात धरून बसलो होतो कोण जाणे. सरांकडे राशींची आणखी दोन रोमन नाणी होती, परदेशातल्या कुणा संग्राहकाशी अदलाबदल करून मिळवलेली: तांब्याचा मेष, मागे वळून चांदणीकडे बघणारा, आणि एक झिजलेला विंचू. बाराही राशी जमवायच्या आणि त्यावर पुस्तक लिहायचं, असं त्यांच्या मनात होतं. चित्रं मी काढायची. "मुखपृष्ठावर दोघांची नावं," असं ते म्हणाले, तेव्हा आत चहा करणाऱ्या त्यांच्या बायकोनंही मान डोलावली होती.

पुढची तीन वर्षं माझे सगळे रविवार तिथे गेले. नाणं सारखं हाताळलं तर झिजेल, म्हणून सर म्हणाले, "तुम्ही गणपती करता, तुम्हाला साचा जमेल." मी प्लॅस्टरचे साचे घेतले आणि त्यांतून प्लॅस्टरची नाणी काढली. मकराच्या साच्यात हवेचा एक बुडबुडा राहिला होता. त्यामुळे प्लॅस्टरच्या नाण्यावर शेपटीखाली खसखशीच्या दाण्याएवढा फुगवटा आला. अस्सल नाण्यावर तो नव्हता. चित्र काढताना तो टाळायचा, हे मी वहीत लिहूनही ठेवलं. प्लॅस्टरची नाणी मात्र सरांनी ठेवून घेतली.

मग एकदा मी चित्रकलेच्या परीक्षेच्या कामासाठी पुण्याला गेलो. सरांचे जुने स्नेही असलेले एक डॉक्टर तिथे नाणी जमवत. सरांनी त्यांच्याबद्दल पुष्कळ सांगितलं होतं, म्हणून मी आपण होऊन भेटायला गेलो. त्यांनी मोठ्या कौतुकाने कपाट उघडलं.

"हे बघा, तुमच्या सरांनीच मिळवून दिलं. सोलापूरकडचंच आहे."

मखमलीवर चांदीचा मकर होता. शेपटीखाली फुगवटा होता.

मी भिंग मागून घेतलं, दोनदा पाहिलं. "सुंदर आहे," एवढंच बोललो आणि निघालो. परतीच्या गाडीत मी स्वतःलाच समजावत होतो की सरांनाही कुणीतरी फसवलं असेल. पण तो फुगवटा माझ्या हातचा होता आणि प्लॅस्टरची नाणी सरांच्याच कपाटात होती.

सोलापुरात उतरल्यावर घरी न जाता मी ओताऱ्याकडे गेलो. सरांची तांब्या-पितळेची कामं तोच करायचा. त्याने काही लपवलं नाही.

"व्हय मास्तर, मीच ओतली की. पाच का सा असतील. सर म्हनले, मास्तरांच्या पुस्तकासाटी हवीत. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

सर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी उभ्यानेच विचारलं. त्यांनी पेपराची नीट घडी घातली.

"डॉक्टरांना मी म्हटलं, सोलापूरकडचं आहे. ते खोटं आहे का?"

"सर, ते माझ्या प्लॅस्टरवरून ओतलंय."

"मग तेच म्हणतो मी. कुणी विचारलं तर साचा कुणी केला, हेही सांगावं लागेल."

आवाज नेहमीचाच होता, शिकवतानाचा. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान खाली तरी बघतील. तीन वर्षं ज्या माणसाचं बोलणं मी वहीत उतरवून घेत होतो, त्याने मला साचा करणाऱ्याच्या जागी कधीच बसवून ठेवलं होतं. कदाचित पहिल्या रविवारपासून. पुस्तकाचं मी विचारलंच नाही. त्याचं एक पानही लिहिलेलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

मी डॉक्टरांना सगळं लिहिलं, माझ्या साच्यासकट. दीड महिन्याने कार्ड आलं. त्यांनी सरांना विचारलं होतं. सरांनी फार दुःखाने सांगितलं होतं की चित्रकलेच्या मास्तरांना आपण घरचा माणूस मानलं, त्यांनीच हा उद्योग केला आणि आता उघड होईल म्हणून ते आळ आपल्यावर घेतायत. डॉक्टरांनी शेवटी लिहिलं होतं, 'आपण पुन्हा पत्र पाठवू नये.'

ओताऱ्याला पुण्याला नेऊन उभं करावं असं मनात आलं. तो तयारही होता. पण त्याला सरांचीच कामं मिळायची, त्याचं घर त्यावर चालायचं. मी नाही नेलं. नंतर गावातल्या दोन सराफांनी मला दुकानात बसायला सांगणं बंद केलं, यावरून ती गोष्ट कुठवर पोचली ते समजलं.

वर्षभराने सरांची बायको मंडईत भेटली. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "येत नाही हो तुम्ही अलीकडे. हे म्हणतात, मास्तर आता मोठे झाले."

तिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "शाळेत काम वाढलंय." तिने वांगी निवडायला घेतली, आणि मी ती निवडून होईपर्यंत तिची पिशवी धरून उभा राहिलो.