उंदीरकाकूंचे हात

आमच्या शेजारच्या काकू सासवांना गरीब गाय करणारं औषध उकळतात, अशी बातमी जिन्यात पसरली, तेव्हा तीन सुनांनी त्यांच्याशी बोलणं वाढवलं. बातमी खोटी. काकू संशोधनशाळेत तंत्रज्ञ आहेत आणि तिथे उकळत काहीच नाही. उंदरिणीच्या गर्भाशयाची बोटभर पट्टी रेशमी दोऱ्याने बांधायची, कोमट क्षारपाण्याच्या नळीत टांगायची, हार्मोनचा थेंब टाकून ती आवळू द्यायची. मग नवं औषध घालून पट्टी किती सैल पडते ते सुई कागदावर रेघेने दाखवते. बावीस वर्षं हेच. म्हणून उंदीरकाकू.

तिथले मोठे साहेब म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. रेघ काकूंची, भाषण साहेबांचं. तिथला शिपाई माझा मेहुणा, त्यामुळे मला तिथलं सगळं कळतं. साहेबांना प्रयोगशाळेत पाहायचं तर पाहुणे यावे लागतात.

या वर्षी साहेबांना पाळीच्या कळा थांबवणारं औषध सापडलं. पट्टी झटकन सैल! परिषदेचं निमंत्रण आलं, नवा कोट शिवायला टाकला. (शिवला काकूंच्याच टेलर नवऱ्याने, आणि पोटाचं माप तीनदा घेतलं.)

पण काकूंची एक खोड आहे: औषध ज्यात विरघळवलंय, ते आधी नुसतं घालून बघायचं. हे औषध पाण्यात विरघळेना, म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. काकूंनी नुसतं स्पिरिट टाकलं. पट्टी तेवढीच सैल! म्हणजे औषधाचं कर्तृत्व शून्य. काकूंनी ते रजिस्टरात उतरवलं.

साहेब म्हणाले, "ते पान फाडा."

"पानांना आकडे आहेत, साहेब."

"मग लिहा, हात थरथरला म्हणून चुकलं. तुमच्या नोकरीची मुदत पुढल्या महिन्यात संपते ना? वाढवायची की नाही, ते मीच लिहिणार."

घरी नवरा म्हणाला, "लिहून टाक ना बाई. चहा तर रोज सांडतेस."

"चहा मी तुमच्यावर चिडून सांडते. आणि थरथरत्या हातांची बाई तिथे ठेवतं का कोणी? असं एकदा लिहिलं की बावीस वर्षांची प्रत्येक रेघ खोटी."

नवऱ्याने स्वतःचा चहा स्वतःच ओतून घेतला. शहाणा माणूस.

काकूंनी तसं लिहिलं नाही, साहेबांनी तक्रार केली आणि तिघा वरिष्ठांसमोर चौकशी बसली. साहेब नव्या कोटात आले. गळ्यापर्यंत बटणं, चेहऱ्यावर उपकार. म्हणाले, "बाई प्रामाणिक आहेत, पण वय झालं. हात साथ देत नाहीत."

काकूंनी दोरा घेतला. सर्वांसमोर पट्टी बांधली, टांगली. हार्मोनने ती आवळली. स्पिरिटचा थेंब पडताच सैल झाली. पट्टी धुतली, पुन्हा आवळू दिली, साहेबांचं औषध घातलं. दोन्ही रेघा जुळ्या बहिणी. वरिष्ठांपैकी एकाने चष्मा काढून पाहिलं, दुसऱ्याने लावून.

साहेब खाकरले. "योगायोग. मी म्हटलं ना, हात थरथरतोय."

काकूंनी रेशमी दोरा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "मग पुढची पट्टी तुम्ही बांधा, साहेब. उंदीर कुठे ठेवतात, ते मी दाखवते."