कंट्रोल आणि एस

पेडण्याला कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणारे एक काका बसायचे. दर वाक्यानंतर ते डाव्या हाताने कंट्रोल आणि एस दाबून मजकूर सेव्ह करायचे. "लायटीचो काय भरवसो?" म्हणायचे. त्या खटक्यांनी मी वैतागायचो.

माझा रहिवासी दाखल्याचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या ओळीला वीज गेली. मी कपाळाला हात लावला. काका निवांत चहा पीत म्हणाले, "घाबरू नकात, सगळा आसा."

वीज आली. अर्ज शाबूत होता, तो छापून काढला. साक्षीदार म्हणून काकांनीच पेनाने सही केली आणि लगेच डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर दाबली.

मग मी सही केली. म्हटलं, "काका, हीपण सेव्ह करा."