नवरीच्या गाडीतला मंद उजेड

"भाऊ, नव्या ट्यूबा लावल्या तरी उजेड तसाच! आता मी काय करू?" कल्पनाताई रडायच्या बेतात होत्या.

ताई बालाघाटच्या ब्युटिशियन. जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन त्यांनी तिचं फिरतं पार्लर केलं होतं. त्या दिवशी गाडी राजेगावला मंडपामागे उभी होती आणि आरशापुढे नवरी प्रणाली, अर्धा मेकअप झालेली. मागच्या लग्नात अंधुक उजेडामुळे पावडर जास्त झाली. उन्हात नवरी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसली आणि गावभर बोभाटा झाला. आजही तेच झालं, तर ताईंना पुन्हा कोण बोलावणार?

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. ट्यूबची टोकं काळी पडली की ती बदलायची, हे सोपं. इथे ते पुरलं नाही. मग मीटर लावला. बॅटरीवर बारा व्होल्ट पूर्ण, ट्यूबपाशी दहासुद्धा नाहीत. म्हणजे वाटेतच गळती. वायर धरून मागे मागे गेलो. पायरीखाली अर्थिंगचा बोल्ट असतो, करंट बॅटरीकडे परत जायची वाट. त्यावर हिरवट गंज चढलेला, शेजारी करवंटीचा तुकडा.

"ताई, इथं नारळ कोन फोडते?"

"मीच. हर बुकिंगले, निघाच्या आंधी. काहून?"

"देवाले पोचते का नाही मले मालूम नाही. पानी मात्र सारं या बोल्टले पोचून राह्यलं."

प्रणाली खुदकन हसली. "भाऊ, हसवू नका, काजळ फिसकटते!"

बोल्ट खोलताच पडदे लावलेल्या गाडीत गुडुप अंधार. "हेच बाकी होतं!" ताई ओरडल्या. मी गंज घासून काढला, बोल्ट कसला, ग्रीस लावलं. ट्यूबा लख्ख पेटल्या. प्रणालीनं आरशात स्वतःच्या चेहऱ्यावरचा पावडरचा थर पाहिला आणि किंचाळलीच.

"ताई, पुसा हे! माहे बाबा वळखनार नाही मले!"

बाहेर वरातीचा बँड मंडपाच्या दाराशी आला होता. ताईंनी सगळं धुतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

प्रणाली उन्हात आली ती स्वतःचा गव्हाळ चेहरा घेऊन. तिच्या बाबांना रडू आवरेना, मलाही उगाच भरून आलं. दोन मावश्यांनी तिथेच ताईंचा नंबर घेतला. नारळ आता पुढच्या चाकापाशी फुटतो.

दिवा मंद झाला की सगळे दिव्यालाच बोल लावतात. आधी अर्थिंग बघावं. लग्न तासभर उशिरा लागलं, पण आमच्याकडे त्याला वेळेवर लागलं म्हणतात.