देण्याघेण्याची बोलणी

गेल्या मार्चमध्ये, विधानसभेत राज्याचा अर्थसंकल्प मांडला जात असताना, पंचवटीतल्या आमच्या इमारतीत रेवतीला पाहायला देवळ्याची मंडळी आली. रेवतीचे वडील म्हणजे आमच्या शेजारचे सर, अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. महाराष्ट्राच्या तिजोरीवर इतका जीव लावणारा माणूस एकाही अर्थमंत्र्यानं पाहिला नसेल. जेवताना ते आणखी पोळी मागत नाहीत, 'पुरवणी मागणी' सादर करतात. काकू ती बहुधा फेटाळतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीचा आवाज कमी करण्याची घरात कुणाला परवानगी नाही. एकदा भाषण चालू असताना गच्चीवरची टाकी फुटली. खाली आरडाओरडा झाला, तेव्हा सर खिडकीतून त्याहून मोठ्यानं ओरडले, "थांबा! महसुली तूट सांगतायत!" पगारातून व्यवसाय कर कापला गेला की त्यांचे सहकारी कुरकुरत, सर खूश होत. हा कर रोजगार हमीच्या कामांसाठी आला, हे नव्या माणसाला ते चहाआधी सांगतात. सुरगाण्याकडच्या, रोजगार हमीतून झालेल्या एका पाझर तलावावर ते मला मुद्दाम घेऊन गेले होते. काठावर उभं राहून त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "यात माझे आहेत!" म्हैस धुणाऱ्या बाईनं काळजीनं विचारलं, "काय पडलं, बाबा?"

तर त्या दिवशी काकूंनी मला सरांना आवरायला बसवलं होतं. मुलगा रेवतीला मनापासून पसंत होता. तिची अट एकच होती: देण्याघेण्याचा शब्द निघाला, तर ती उठून जाणार. आधीची स्थळं तिनं याच अटीवर परतवली होती. मुलाचे वडील कांद्याचे व्यापारी. ते पाऊसपाण्याचं बोलत होते, सर टीव्हीकडे बघून "वा!" म्हणत होते. इतक्यात पडद्यावर राज्याची देणी आली आणि सरांनी मांडीवर थाप मारली.

"हं! आता देण्याघेण्याचं बोलू या!"

पोह्यांचे चमचे थांबले. रेवती उठली.

"सर, आपल्याला काय नको," व्यापारी घाईनं म्हणाले. "नारळ अन् पोरगी द्या, बस."

"नको म्हणून कसं चालेल? आपला जन्मच देण्यांसकट झालाय! मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा मालमत्ता वाटली, तशी देणीही वाटली!"

"आमच्याकडं वाटण्या नाय झाल्या अजून," मुलाची आई घाबरून म्हणाली.

रेवती दारापर्यंत पोहोचली होती. मी तोंड उघडण्याआधी मुलगाच बोलला, "आई, सर राज्याचं बोलतायत. महाराष्ट्राचं."

"राज्यावर कर्ज हाय व्हय?" व्यापाऱ्यांनी सुस्कारा सोडला. "मला वाटलं, माझ्यावर हाय असं कुणी सांगितलं यांना!"

रेवती दाराला टेकून हसत सुटली. सर सगळ्यांकडे बघत विचारत होते, "पण मी चुकीचं काय बोललो?"

लग्न मे महिन्यात झालं. नारळाखेरीज काही दिलं-घेतलं गेलं नाही. रेवती देवळ्याला गेली.

यंदाच्या अर्थसंकल्पाला मी सरांकडे होतो. ते खुर्ची पुढे ओढून बसले होते, पण 'वा!' एकदाही आला नाही. भाषण तुटीपाशी आलं आणि फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"बाबा, बघताय ना? तूट किती?"

"थांब गं, तुझा आवाज नीट येत नाहीये," सर म्हणाले. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.