मल्लप्पा मिस्त्रींचं माप

वैशू, ये अशी, जवळ सरक. कागदावर भेटतोय म्हणून लांब बसायचं नाही. आणि आधी चार बोलणी खा. परवा फोनवर तुला मल्लप्पा मिस्त्री गेल्याचं सांगितलं, तर तू काय म्हणालीस? "तेच ना आत्या, ज्यांनी त्या मुलीची बंदूक बिघडवली?" वर हसलीस. तुझाही काय दोष म्हणा, त्यांना ओळखणारे सगळे हेच बोलतात. पण तू त्यांना कधी पाहिलं नाहीस. न पाहिलेल्या माणसाबद्दल इतक्या सहज बोलू नये.

मिस्त्रींचं दुकान सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात. धंदा दारं-खिडक्यांचा आणि दिवाणांचा. पण जवळच शाळेतल्या पोरांचा रायफल क्लब होता, तिथल्या छऱ्याच्या बंदुकांचे दस्ते पोरांच्या अंगाला बसवून द्यायचं काम ते आवडीनं करायचे. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. बंदुका सगळ्या मोठ्या माणसांच्या मापाच्या आणि नेम धरणारी पोरं बारा-तेरा वर्षांची. बिचारी बगळ्यासारखी मान काढून उभी राहायची. मिस्त्री म्हणायचे, "मान पुढं गेली की समजायचं, लाकूड मोठं हाय. पोर ल्हान न्हाय."

मी त्याच पोरांची जाकिटं शिवायचे. जाड कॅनव्हासची, खांद्यात नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, भरलेली. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझं जाकीट घेतलं, खांदा अंगठा आणि बोटात धरून चेपला आणि विचारलं, "अक्का, हे जाकीट हाय का गादी?"

मी म्हटलं, "तुमचं लाकूड पोरांना टोचतं, म्हणून गादी."

"टोचंना का. पण किती जाड, ते मला कळलं पायजे. आतलं काय बी बदललंस की आधी मला सांगायचं. दोन सुताचा फरक पडला तरी छर्रा भिंतीला जातोय." आठ सुतांचा एक इंच, एवढं मलाही ठाऊक होतं. मी हसून मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे मागितलेली गोष्ट एवढी एकच.

त्यांचं माप घेणं बघण्यासारखं असायचं. क्लबातले सर दस्ता पोरांच्या कोपराच्या खोबणीत टेकवून, बोट घोड्यापर्यंत पोचतं का एवढंच बघायचे. मिस्त्रींना ते पटत नसे. "कोपरानं कुणी नेम धरतंय का?" ते पोराला जाकीट घालायला लावायचे, डोळे मिटायला सांगायचे, मग बंदूक खांद्याला लावून डोळे उघडायला सांगायचे. "डोकं न हलवता नळीवरची माशी दिसती का?" माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो बारीक उंचवटा, त्यावरून नेम धरतात. पोरगं व्हय म्हणालं की मिस्त्री म्हणत, "साकु." साकु म्हणजे पुरे, जमलं. आजोळ कानडी मुलखालगतच्या दुधनीचं, त्यामुळे मोजणं आणि समाधान दोन्ही कानडीत.

प्रत्येक पोरासाठी वेगळा दस्ता कापणं जमणारं नव्हतं. मग त्यांनी सगळ्या बंदुका सर्वांत लहान पोराच्या मापाला आणल्या आणि बाकीच्यांसाठी सागवानाच्या पातळ चकत्या केल्या. दस्त्याची मागची पट्टी उघडायची, चकती घालायची, स्क्रू पिळायचे. प्रत्येक चकतीवर पेन्सिलीनं पोराचं नाव. "लाकूड कापलं की वाढत न्हाय. पोरं वाढत्यात." एखादीला नवी चकती लागली की आईबापांच्या आधी यांना आनंद. "हिच्या आईला सांगा, दोन सूत वाढली पोरगी. भाकरी जास्त टाका म्हणावं."

त्यांत एक सुजाता होती. वडील सफाईच्या कामावर, घर दोन खोल्यांचं, पोर काडीसारखी. पण हात असा स्थिर की सर तिच्यापुढे बोलायचे थांबायचे. विभागाच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आली की क्रीडा प्रशालेत राहण्याजेवणासकट शिक्षण, असं ठरलेलं. मिस्त्रींनी तिचं माप चार वेळा घेतलं. चौथ्यांदा साकु म्हणाले आणि भाच्याच्या लग्नाला दुधनीला गेले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी पोर माझ्याकडे आली. खांद्याचं हाड लाल झालेलं. "मावशी, लई दुखतंय." माझं मन कळवळलं गं. मी जाकिटाचं अस्तर उसवलं, आत नमद्याचे आणखी दोन थर घातले आणि शिवून टाकलं. चार सूत तरी जाड झालं असेल. तिनं घालून बघितलं आणि म्हणाली, "आता उशीवानी वाटतंय." मला धन्य वाटलं. मिस्त्रींना फोन करावा हे डोक्यात आलंसुद्धा. पण वाटलं, माणूस लग्नात आहे आणि नमद्यानं असं काय होणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, पोर अकरावी आली. जाड खांद्यामुळे बंदूक तेवढीच पुढे गेली. मान ताणली, डोळा माशीवर ठरेना. सरांनी सगळ्यांसमोर निकाल दिला: दस्ता लांब झाला, मिस्त्रींचं माप चुकलं. सुजाता रडत जाकीट माझ्याकडे टाकून गेली. मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुधनीहून परतणार होते.

आता ऐक. मी त्याच संध्याकाळी ते जाकीट उसवलं, दोन्ही थर काढले आणि पहिल्यासारखं शिवून ठेवलं.

मिस्त्री आले ते थेट क्लबात. सुजाताला बोलावलं, मी नेऊन दिलेलं तेच जाकीट घालायला लावलं, डोळे मिटवले, उघडायला लावले. माशी समोर. पुन्हा केलं. पुन्हा समोर. रडून बधिर झालेल्या त्या पोरीला जाकिटातला फरक जाणवला नाही आणि नमद्याचं बोलायचंही सुचलं नाही. "माप तर बरोबर हाय," ते म्हणाले, "मग चुकलो कुटं?" मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सर म्हणाले, "वय झालं मिस्त्री, आता पुरे." मिस्त्री सुजाताच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "माजं चुकलं, बाळ."

आपली चूक कुठे झाली हे कळलं असतं, तर त्यांनी ती दुरुस्त केली असती. कळलीच नाही, म्हणून त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. दस्त्यांचं काम त्याच आठवड्यात सोडलं. पुढे दाराची चौकट कापतानाही तीन-तीनदा टेप लावायचे, तरी मुलाला विचारायचे, "तू बघ रे जरा." वर्षभरात दुकान मुलाच्या हाती गेलं आणि ते ओट्यावर बसायला लागले. मी भाजी आणायला जाताना हाक मारायचे. "बस की अक्का," ते म्हणायचे. मी कधी बसले नाही. दहा वर्षं मला रोजच घाई होती.

गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती. सर आले होते. हार घालून शेजारच्याला हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण शेवटी माप गेलं होतं." मी तिथेच होते, वैशू. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

आठ दिवसांनी मन घट्ट करून त्यांच्या बायकोकडे, गौरव्वांकडे गेले. सांगायचंच म्हणून गेले. त्यांनी चहा ठेवला आणि माझ्याआधी त्याच बोलल्या, "ह्ये जाताना म्हनत हुते, त्या पोरीचं माज्यामुळं वाटोळं झालं. अक्का, तुमची तिची वळख हाय. मनात ठिऊ नको म्हनून सांगा की तिला." चहा प्याले आणि उठून आले.

सुजाता इथेच एका दवाखान्यात नर्स आहे. रविवारी तिला सुट्टी असते. मला तिला गौरव्वांच्या घरी न्यायचंय आणि दोघींना समोर बसवून सगळं सांगायचंय. एकटी गेले तर पुन्हा चहा पिऊन परत येईन, माझं मला माहीत आहे. तू सोबत चल. मी गप्प बसले तर तू सुरुवात कर, आता तुला सगळं ठाऊक झालंय. शनिवारच्या गाडीनं ये, बाई. पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.